हातच्या सरांची शोकसभा

हातचे सर गेल्याची बातमी त्यांच्या घरी पोचवली ती ताईनेच. ठरवून नव्हे. हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसणाऱ्या बाईच्या वाट्याला असले योग येतातच. सकाळी वरच्या वॉर्डातून सिस्टरचा फोन आला, "ताई, एका पेशंटच्या घरी लावून द्या ना, कळवायचंय." कळवायचंय म्हणजे काय, हे हॉस्पिटलात कुणी कुणाला विचारत नाही. ताईने नंबर लावला आणि पलीकडून कुणी उचलतंय याची खात्री करायला नेहमीसारखी क्षणभर लाइनवर थांबली. पलीकडे एक म्हातारा, थकलेला आवाज आला.

"बोला सिस्टर. झोपलेत का हो? काल सारखं हातचा कुठे गेला, हातचा कुठे गेला, असं विचारत होते."

खरं तर ताईने तिथेच हेडफोन काढायला हवा होता. लोकांची रडणी ऐकायची नाहीत, हा तिच्या धंद्यातला पहिला नियम, आणि तो तिने आजवर कधी मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला. हातचा कुठे गेला असं विचारणारा जगात एकच माणूस होता.

चौकशी केल्यावर कळलं, सर आठवडाभर वरच्याच मजल्यावर होते. काकूंचे, म्हणजे सरांच्या बायकोचे, रोज येणारे फोन ताईनेच वॉर्डात जोडून दिले होते. इतक्या वर्षांत काकूंचा आवाज पार बदलला होता, तिला ओळखू आला नाही. आवाजावर पोट भरणाऱ्या बाईला आवाज ओळखू येऊ नये! त्या दिवशी तिने डबा उघडलाच नाही, आणि दुपारभर बोर्डावर दोनदा चुकीच्या खोलीत फोन जोडले.

ताई जन्मापासून आंधळी. सभेत वापरायचे गुळगुळीत शब्द तिला चालत नसत. ती सरळ आंधळी म्हणायची, आणि समोरचा गडबडला की तिला मजा वाटायची. लहानपणी ती आंधळ्या मुलांच्या वसतिगृहात होती आणि सर तिथेच भेटले. शाळेत जन्मभर गणित शिकवून ते निवृत्त झाले होते. निवृत्त माणसं सकाळी फिरायला जातात, दुपारी झोपतात आणि संध्याकाळी सुनेच्या चुका काढतात. सरांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सूनही नव्हती. ते वसतिगृहात येऊ लागले. पोरांना पुस्तकं वाचून दाखवायची, ती टेपवर बोलून ठेवायची, कुणाचा कान दुखला तर दवाखान्यात न्यायचं, कुणाची सवलत अडकली तर ऑफिसात जाऊन साहेबाचं डोकं खायचं. पगार नाही, मानधन नाही. चहाही ते घरून पिऊन येत.

आंधळ्या पोरांना गणित जमत नाही, असं तेव्हा सगळे धरून चालत. सर चालले नाहीत. जाड पुठ्ठ्यावर टाचण्या टोचून त्यांना दोरा गुंडाळायचे आणि पोरांची बोटं त्यावरून फिरवायचे. हा त्रिकोण, ही उंची, हा कोन. बेरजेत कुणी अडलं की पाठीवर थाप मारून विचारायचे, "हातचा कुठे गेला?" म्हणून पोरांनी त्यांचं नाव हातचे सर पाडलं. त्यांना ते कळलं तेव्हा ते इतके हसले की ठसका लागला. असा माणूस पुन्हा होणे नाही, असं आता शोकसभेत सगळे म्हणणार होते, आणि ते शंभर टक्के खरं होतं. ताईची पंचाईत तीच होती.

आंधळं पोर परीक्षेला बसतं तेव्हा ते उत्तर सांगतं आणि शेजारी बसलेला डोळस माणूस ते लिहितो. त्याला लेखनिक म्हणतात. पोर जे सांगेल ते आणि तेवढंच लिहायचं, हा त्याचा धर्म. तेव्हा लेखनिक शोधून सापडत नसत. ज्याने गणित शिकवलं त्यानेच गणिताच्या पेपराला लेखनिक म्हणून बसू नये, एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती. आली असेल तरी दुसरं कोण मिळणार म्हणून ती डोक्यातच राहिली. सरांच्या हाताला यश आहे, असं पोरं म्हणत. आपल्या पेपराला सरच हवेत म्हणून पोरांची आपसात भांडणं होत. ताईचा दहावीचा पेपर सरांनीच लिहिला आणि ती गणितात पैकीच्या पैकी मिळवून आंधळ्या मुलांत पहिली आली. ताईचा बाप गल्लीत दारोदार ते सांगत फिरला होता. बारावीलाही सरच बसले.

बारावीच्या त्या पेपरात, एका लांबलचक उदाहरणाच्या मध्यावर, ताई म्हणाली, "अधिक." आणि ऐकू लागली. अधिकच्या खुणेला पेनाचे दोन आवाज होतात, एक आडवा आणि एक उभा. तिला एकच ऐकू आला.

तिथे तिने मूग गिळून बसायला हवं होतं, असं पुढे तिला शंभर जणांनी सांगितलं. पण सरांनीच शिकवलं होतं, शंका आली की विचारायचं, गणितात लाजायचं नाही. तिने विचारलं.

"सर, काय लिहिलंत?"

"तू सांगितलंस तेच."

"मी अधिक म्हणाले होते."

सरांनी पेन खाली ठेवलं. आणि त्या एवढ्याशा शांततेत ताईच्याही लक्षात आलं की तिथे वजाच हवं होतं. सरांनी बरोबर केलं होतं, चूक तिची होती. पण तोवर खिडकीपाशी उभ्या असलेल्या पर्यवेक्षकबाई चालत येत होत्या. चपलांचा तो आवाज ताईच्या कानांतून कधीच गेला नाही.

सर खोटं बोलले नाहीत, हेही सांगायला हवं. चौकशीत त्यांनी मान्य केलं की हो, मी बदललं, मुलीचा काही दोष नाही. परीक्षा बोर्डाला दोष कुणाचा याच्याशी कर्तव्य नव्हतं. ताईचे सगळे पेपर रद्द झाले, दोन वर्षं बसायला बंदी आली. सरांना लेखनिक म्हणून कायमची मनाई झाली. चौकशीच्या खोलीबाहेर, व्हरांड्यात, सर तिच्याजवळ आले. ती वाट बघत होती. चुकलो म्हणतील, निदान डोक्यावर हात ठेवतील. सर म्हणाले, "बाळ, उत्तर बरोबर होतं गं." आणि निघून गेले. त्यानंतर ते तिला कधीच भेटले नाहीत.

वसतिगृहात पोरांनी तिच्याशी बोलणं टाकलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, आता आमच्या पेपराला कोण बसणार, म्हणून. तिची जिवाभावाची मैत्रीण चिमणी, हे नाव तिला आवाजावरून पडलेलं, तीसुद्धा कितीतरी दिवस बोलली नाही. त्याच हिवाळ्यात बाप गेला. ताईला कॉलेजात गणित शिकवायचं होतं. बाप गेल्यावर असली स्वप्नं परवडत नाहीत. तिने टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स केला आणि हॉस्पिटलच्या बोर्डावर जी बसली ती आजवर बसलेली होती.

त्या दिवसापासून एकच गोष्ट तिने मनाशी घट्ट धरली होती. सरांच्या हातून एकदाच चूक झाली, आणि ती नेमकी माझ्या वेळी झाली. माझ्यावर जीव होता म्हणून झाली. त्या एका चुकीने माझं आयुष्य फुकट गेलं, आणि त्याबद्दल सरांनी माझी साधी माफीही मागितली नाही. राग धरायला असं काहीतरी ठाम हाताशी असलं की बरं पडतं.

शोकसभेच्या दोन दिवस आधी काकूंचा फोन आला. नंबर चिमणीने दिला होता.

"तू बोलायचंस हं. बाकी सगळे बोलतीलच, पण तू हवीसच."

"मी काय बोलू काकू?"

"तुला येईल ते बोल. ते तुझी आठवण फार काढायचे."

मग माझ्याकडे का नाही काढली, असं ताईच्या अगदी ओठांवर आलं होतं. ती हो म्हणाली. फोन ठेवता ठेवताच तिने ठरवून टाकलं, आपण खरं ते सांगायचं. सरांनी लेखनिकाचं काम हात थरथरतात म्हणून सोडलं, असं संस्थेने इतकी वर्षं लोकांना सांगितलं होतं. हात कसले थरथरतात! माझा पेपर बुडाला म्हणून सोडलं, हे माइकवरून सांगायचं, सगळ्यांसमोर.

भावाला हे पटलं नाही. तो स्कूटर काढता काढता म्हणाला, "गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये गं ताई."

"गेलेल्या माणसाचं चांगलंच बोलायचं तर मला कशाला नेतोस? मेलेल्या म्हशीला मणभर दूध. ते सांगायला तिथे पन्नास गवळी आहेत."

"काकूंचा तरी विचार कर. नवरा गेलाय त्यांचा."

"माझं काय काय गेलं, त्याचा कुणी केला?"

भावाने स्कूटरला किक मारली. तो धाकटा होता, आणि ताईशी वाद घालून तो आजवर कधी जिंकला नव्हता. वाटेत एका सिग्नलला तो फक्त एवढंच म्हणाला, "बघ बाई. शब्द तोंडातून गेला की गेला."

संस्थेचा हॉल तोच होता. फिनेलचा वास तोच, पंख्याची टकटक तीच. खुर्च्या तेवढ्या प्लास्टिकच्या झाल्या होत्या. उजवीकडे देणगीदार, शाळेतले जुने शिक्षक आणि शेजारीपाजारी, म्हणजे डोळस मंडळी. डावीकडे सरांची पोरं. ती आता पोरं राहिली नव्हती. काठ्या मिटून खुर्चीखाली ठेवल्याचे आवाज येत होते, गुडघे कुरकुरत होते. चिमणी आधीच येऊन बसली होती. तिने ताईला ओढून शेजारी बसवलं आणि हात हातात घेतला. पुढे टेबलावर सरांचा फोटो होता म्हणे. ताईला फक्त फुलांचा वास आला, आणि तोही जरा शिळा.

संस्थेचे सेक्रेटरी दोन शब्द बोलायला उभे राहिले. त्यांचे दोन शब्द संस्थेत प्रसिद्ध होते, लोक ते सुरू झाले की पाणी पिऊन यायचे. सर निःस्पृह होते, सर चंदनासारखे झिजले, सरांनी अंधांना डोळे दिले. शेवटच्या वाक्याला चिमणीने ताईचा हात दाबला, "कुठेत गं माझे?" ताईला हसू आवरेना. सेक्रेटरींनी मग जाहीर केलं की संस्था नवीन लेखनिक तयार करण्यासाठी एक केंद्र काढते आहे आणि त्याला सरांचं नाव देणार आहे. टाळ्या झाल्या.

मग सरांची पोरं एकेक करून बोलू लागली. पहिला उठला तो बँकेतला साहेब. वसतिगृहात तो ताईच्या दोन वर्षं पुढे होता. गणितात इतका कच्चा, की पोरं त्याला ढब्बू म्हणायची. आता कर्ज खात्यात अधिकारी होता.

"मी पेपरात काय बडबडत होतो, ते माझं मला माहीत," तो माइकवर म्हणाला. "सर म्हणायचे, हं, पुढे बोल, हं, पुढे बोल. निकाल लागला तेव्हा माझ्याच कानांवर विश्वास बसेना! काय हात होता सरांचा!"

डावीकडचे सगळे हसले. ताईसुद्धा हसली. ढब्बू पहिल्यापासून विनोदीच.

दुसरे होते कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक. ते म्हणाले, "माझं इतिहासाचं एक उत्तर अर्ध्यावर राहिलं होतं, घंटा झाली होती. मी रडकुंडीला आलो. सर म्हणाले, जा रे तू, मी बघतो. आज मी इथे उभा आहे तो त्या एका वाक्यामुळे." उजवीकडे कुणीतरी नाक शिंकरलं. सरांची माया किती, असं त्या मंडळींना वाटलं असावं.

ताई मात्र आता हसत नव्हती. घंटा झाल्यावर लेखनिक काय बघणार? तिने खुर्चीत पाठ ताठ केली. तिसरी बाई मसाजचं काम करणारी, ती तर भाबडेपणाने सरळच म्हणाली, "मला तर काहीच येत नव्हतं हो. सरांमुळे झालं सगळं." पुन्हा हशा. तो हशा ताई आता कान देऊन ऐकू लागली. सगळी डावी बाजू हसत होती, पण ते विनोदाला हसणं नव्हतं. घरातली गोष्ट घरातल्या माणसांत निघाली की जसं हसतात, तसं ते हसत होते.

"चिमणे," ती हळूच म्हणाली, "हे काय बोलतायत?"

"काय म्हणजे?"

"सर सगळ्यांचंच बदलायचे?"

चिमणीने तिच्या कानाशी तोंड आणलं. "अगं, तुला खरंच माहीत नव्हतं? मला वाटलं, तुझं तू सत्य की काय ते लावून धरलं होतंस. सगळ्यांना माहीत होतं गं. म्हणून तर सर हवे असायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू एकटीच बोललीस."

इतकी वर्षं उराशी धरलेली ती एक चूक एक नव्हतीच. सर तिच्यावर जीव होता म्हणून चुकले नव्हते. ते रोज तेच करत होते, ढब्बूसाठीसुद्धा. जन्मभर पोरांच्या वह्या तपासलेला माणूस. समोर चूक दिसली आणि हातात पेन असलं, तर त्यांचा हात थांबत नव्हता. लेखनिकाच्या खुर्चीत ते कधी बसलेच नाहीत, ते मास्तरांच्याच खुर्चीत बसून राहिले.

हे कळलं आणि लगेच दुसरी गोष्ट वर आली.

दहावीचा गणिताचा पेपर. शेवटचं उदाहरण होतं, एक माणूस मनोऱ्यापासून अमुक अंतरावर उभा राहून मनोऱ्याचं टोक बघतो, तर मनोऱ्याची उंची काढा. माणूस स्वतः काही जमिनीला डोळे लावून बघत नाही, म्हणून आलेल्या उत्तरात शेवटी त्याची स्वतःची उंची मिळवायची असते. ताईने उत्तर सांगितलं, सरांनी लिहिलं, घंटा झाली. बाहेर पायऱ्यांवर बाप उभा होता. पायऱ्या उतरता उतरता तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि ती बापाला म्हणाली, "बाबा, शेवटचं चुकलं. त्या माणसाची उंची मिळवायची राहिली." बाप म्हणाला, "जाऊ दे गं, एवढं काय त्यात." आणि निकालाला पैकीच्या पैकी पडले. बाप म्हणाला, तपासणारा दिलदार निघाला. आणि ताईने ते मान्य केलं. गणितात, जिथे शंका आली की विचारायचं असतं, तिथे तिने विचारलं नाही. बाप एवढा खूश होता. ती स्वतः एवढी खूश होती.

म्हणजे तिला तेव्हापासून माहीत होतं. ढब्बूला जेवढं माहीत होतं, तेवढंच.

आणि त्या एका उदाहरणाचं ठीक आहे, ते तिला आठवत तरी होतं. बाकीच्या पेपराचं काय? कितीतरी अधिक आणि वजा तिने त्या दिवशी सांगितले असतील. तेव्हा तिला पेनाकडे कान द्यायचं सुचलंही नव्हतं. पहिली आलेली ती किती होती आणि सर किती होते? हे सांगू शकणारा एकच माणूस होता. तो आठवडाभर तिच्या डोक्यावरच्या मजल्यावर पडून होता, आणि ती खाली बसून त्याच्या बायकोचे फोन जोडत होती.

आता माइकवर एक तरुण आवाज होता. अलीकडे सर नवे लेखनिक तयार करत होते, त्यांच्यापैकी कुणी मुलगी असावी. पहिल्यांदाच बोलत होती, शब्दाशब्दाला अडखळत होती.

"सरांनी आम्हाला लिहायला शिकवलं. म्हणजे, न लिहायला शिकवलं. ते फार कडक होते. आम्हाला मुद्दाम चुकीची उत्तरं सांगायचे आणि आम्ही ती तशीच्या तशी लिहितो का, ते बघायचे. एकदा मी एक चूक सुधारली, तर त्यांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं. म्हणाले, पोरांच्या चुका पोरांजवळ राहू द्या, त्या त्यांच्या आहेत. म्हणाले, माझ्या या हाताने मी एका हुशार मुलीचं वाटोळं केलंय."

उजवी बाजू हळहळली. डावीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली. चिमणीचा हात ताईच्या हातात नुसता पडून होता.

हेच ऐकायला तर ताई आली होती. कितीतरी वर्षं याच वाक्याची वाट बघितली होती तिने, आणि ते आलं तेव्हा तिला त्याचं काय करायचं ते कळेना. हुशार मुलगी म्हणाले. सर म्हणाले म्हणजे खरं असेल. की पोराला बरं वाटावं म्हणून उत्तर सुधारण्याची ती त्यांची जुनीच खोड?

सेक्रेटरींनी तिला पुकारलं. भावाने पुढे येऊन कोपर धरलं आणि माइकपर्यंत नेलं. "आवर, ताई," तो कुजबुजला आणि मागे झाला.

ताई उभी राहिली. समोर पंखा टकटकत होता. आता खरं बोलायचं म्हणजे काय बोलायचं? तिच्या एका वाक्याने ढब्बूची खुर्ची हलणार होती, प्राध्यापकांचं कॉलेज हलणार होतं, ते केंद्र उघडायच्या आधीच बंद पडणार होतं. आणि घरच्या भिंतीवरचा तिचा स्वतःचा, पहिली आल्याचा दाखला, ज्याच्या काचेवरून बाप मरेपर्यंत रोज फडकं फिरवायचा, तोही खाली येणार होता. सतरा-अठरा वर्षांची असताना ती न घाबरता बोलली होती. कारण तेव्हा तिला वाटत होतं की आपलं स्वतःचं असं काही झाकलेलं नाही.

फोनवरचा, सरावाचा, स्वच्छ आवाज तिने काढला.

"सर माझ्यासाठी दोनदा लिहायला बसले," ती म्हणाली. "एकदा मी विचारलं, तेव्हा माझे पेपर रद्द झाले. त्याच्या आधी एकदा मी विचारलं नाही, तेव्हा मी पहिली आले."

आणि ती थांबली. पुढचं वाक्य येईना. खरं म्हणजे पुढचं वाक्य नव्हतंच.

उजवीकडची मंडळी क्षणभर घोटाळली. मग बाईंना भरून आलंय, असं समजून त्यांनी टाळ्या वाजवल्या, चांगल्या मनापासून. डावीकडे एकही हात हलला नाही. तिथल्या सगळ्यांना कळलं होतं. कुणाची तरी काठी खुर्चीखालून सरकून पडली आणि ती उचलायलाही कुणी वाकलं नाही. सेक्रेटरींनी घाईघाईने माइक हातात घेतला आणि दोन मिनिटं शांत उभं राहण्याची विनंती केली. ताई परत जागेवर आली तेव्हा चिमणीने पर्स मांडीवर घेतली होती आणि दोन्ही हातांनी ती धरून ठेवली होती.

उभ्या उभ्या त्या शांततेत ताईला रडू फुटलं. सर गेल्यापासून पहिल्यांदा. ज्या माणसाशी भांडायचं होतं, तो नव्हता. ज्याला विचारायचं होतं, तोही नव्हता. तिने पदर तोंडात कोंबला, तरी हुंदका सगळ्या हॉलने ऐकला.

सभा संपल्यावर भाऊ तिला आतल्या खोलीत काकूंकडे घेऊन गेला. मधेच चक्कर आली म्हणून त्यांना तिथे आडवं केलं होतं. काकूंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. हात थंड होते आणि हलके, हाडं लागत होती.

"तू बोललीस ना? मला इथे काही ऐकूच आलं नाही गं. नुसत्या टाळ्या ऐकल्या. काय म्हणालीस?"

भाऊ दारात थांबला होता. त्याने श्वास रोखलेला ताईला ऐकू आला.

"म्हणाले की सरांनी माझ्यासाठी दोनदा पेपर लिहिला," ताई म्हणाली, "आणि त्यांच्याइतकं नीट कुणी लिहिलं नाही."

काकूंनी तिचे गाल पुसले. "खरं आहे गं. कुणाचं वाकडं केलं नाही त्यांनी कधी."

"नाही काकू."

काकूंना बरं वाटलेलं त्यांच्या हातांत कळत होतं. ताई तशीच बसून राहिली. किती पटकन जमलं आपल्याला, हे तिच्या मनातून जाईना. हातही थरथरला नव्हता.